परीक्षा फेब्रुवारीत आणि परतीचं तिकीट २० डिसेंबरचं! बोलोन्यातल्या सेमिस्टरचं काय करू?

नवखी_पाहुणी – २१ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी, आजवर वाचनमात्र होते, पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि इरॅस्मस या युरोपातल्या विद्यार्थी-देवाणघेवाण कार्यक्रमातून एका सेमिस्टरसाठी इटलीत बोलोन्याला आलेय. लेक्चर्स सुरू होऊन पाच आठवडे झाले, त्यातले तीन खोली शोधण्यात गेले (त्याचा वेगळा धागा होईल). शहर आवडलंय. पाऊस आला तरी छत्री लागत नाही, जिकडे जावं तिकडे फुटपाथवर कमानींचं छप्पर. सगळं छान चाललं होतं.

तर काल मॅडमनी फळ्यावर परीक्षेच्या तारखा लिहिल्या. जानेवारीत दोन, फेब्रुवारीत एक. मी हात वर करून विचारलं, डिसेंबरची कुठली? अख्खा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघायला लागला.

माझं परतीचं तिकीट २० डिसेंबरचं आहे. येतानाच काढलेलं, स्वस्तातलं, एक पैसा परत मिळणार नाही असलं. माझ्या डोक्यात सेमिस्टर म्हणजे नाताळच्या आत लेक्चरं, परीक्षा, सगळं आटोपणार असंच होतं. पाच विषय, प्रत्येकी ६ क्रेडिट, म्हणजे ३०, त्यातल्या चार विषयांची परीक्षा तोंडी. आमच्या कॉलेजचं पुढचं सेमिस्टर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं आणि त्यांचं म्हणणं की ३० च्या ३० क्रेडिट आणा.

तिकीट पाण्यात घालून फेब्रुवारीपर्यंत थांबू की प्राध्यापकांना डिसेंबरात घ्या म्हणून विनंती करू की दोन विषय सोडूनच देऊ? आणि तोंडी परीक्षेचा कोणाला अनुभव आहे का? मी आयुष्यात एकही दिलेली नाही, व्हायव्हा सोडून, आणि व्हायव्हात बाहेरचे सर स्वतःच उत्तर सांगून मोकळे झाले होते.

टिंगलखोर

अॅकॅडमिक कॅलेंडर नावाची एक पीडीएफ असते. तिकीट काढायच्या आधी ती उघडायची असते.

मीही उघडली नव्हती. लाइपझिग, २०१६. 😀

उगाच_एक

+१ टिंगलखोर. जर्मनीत तर याहून मजा, विंटर सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, परीक्षा त्याला चिकटून किंवा त्यानंतर. आणि त्यांच्याकडे १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ५.० म्हणजे नापास, मला पहिल्या पेपरात १.७ मिळाले तेव्हा मी दोन तास कोणाशी बोललो नव्हतो, नंतर रूममेटने अभिनंदन केलं तेव्हा कळलं.

उप्साला_रिटर्न

स्वीडनमध्ये हा घोळ होत नाही. तिथे बऱ्याच ठिकाणी चार-पाच विषय एकदम चालत नाहीत, एक कोर्स घ्यायचा, महिन्या-सव्वामहिन्यात परीक्षा देऊन संपवायचा, मग दुसरा. त्यामुळे डिसेंबरला निघालीस तरी निदान पहिले दोन-तीन खिशात असतात. अभ्यासाची ही पद्धत मला तरी फार मानवली, एका वेळी डोक्यात एकच गोष्ट.

अवांतर: उप्सालाच्या फ्लोग्स्ता भागात विद्यार्थ्यांच्या उंच इमारती आहेत, तिथे रात्री १० वाजता खिडकी उघडून सगळे मोठ्याने किंचाळतात. का, ते विचारू नका. पहिल्या रात्री मी दाराला खुर्ची लावून झोपले होते, तिसऱ्या आठवड्यात मीच सगळ्यात जोरात.

रोखठोक

कटू वाटेल पण बोलतोच. ही एका सेमिस्टरची प्रकरणं म्हणजे शैक्षणिक वेष्टनातलं पर्यटन आहे. तीन महिन्यांत भाषा येत नाही, विषय खोलात होत नाही, विकेंडला हे गाव नि ते गाव, आणि शेवटी ‘क्रेडिट कसे जमवू’. धागाकर्तीचा राग नाही, पण तिलाही परीक्षेची तारीख पाचव्या आठवड्यात कळली यातच सगळं आलं. जायचं तर पूर्ण पदवीला जा.

निवृत्त_समन्वयक

नवखी_पाहुणी, आधी घाबरणं बंद कर. मी बारा वर्षं एका विद्यापीठात देवाणघेवाणीचं काम बघत होतो आणि दर वर्षी किमान दोन मुलं हेच करायची. तू पहिली नाहीस.

आता नीट वाच. इटलीत लेक्चर्स संपली म्हणजे सेमिस्टर संपलं असं नसतं. डिसेंबरात शिकवणं संपतं आणि जानेवारी-फेब्रुवारी हा परीक्षांचा काळ. त्यात एकाच विषयाच्या दोन-तीन तारखा असतात, प्रत्येकीला ‘आप्पेल्लो’ म्हणतात. मूळ अर्थ हजेरी पुकारणं. त्यातली कुठली घ्यायची ते तू ठरवायचं. फळ्यावरच्या तीन तारखा म्हणजे तीन पेपर नव्हेत, तीन संधी आहेत. हे तुला कळलंय की नाही याची मला शंका आहे म्हणून सांगतो.

दुसरं, क्रेडिट. युरोपच्या हिशोबात वर्षाचे ६०, सेमिस्टरचे ३०, आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. इटलीत २५ धरतात. म्हणजे तुझ्या ६ क्रेडिटच्या विषयात १५० तास गृहीत धरलेत आणि वर्गात त्यातले ४०च्या आसपास जातात. उरलेले कुठे जातात? ते डिसेंबर-जानेवारीत जातात, घरी बसून वाचण्यात. पाचही विषय डिसेंबरात उरकायचे म्हणशील तर हे तास येणार कुठून ते आधी कागदावर मांड.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुझं लर्निंग अॅग्रीमेंट, म्हणजे तिथे कुठले विषय घेणार याचा करार, काढून समोर ठेव. त्यावर तीन सह्या आहेत, तुझी, तुझ्या कॉलेजची आणि बोलोन्याची. विषय बदलायचा किंवा कमी करायचा तर त्याचा वेगळा भाग भरून पुन्हा तिन्ही सह्या घ्याव्या लागतात आणि हे सेमिस्टरच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांतच करायचं असतं. तू काठावर आहेस. तोंडी ‘हो हो चालेल’ वर विश्वास ठेवू नकोस, परत गेल्यावर ‘हो’ म्हणणारा माणूस बदललेला असतो.

आणि ग्रँट असेल तर ती दिवसांवर मोजतात. जाताना जो उपस्थितीचा दाखला मिळतो त्यावर आल्याची-गेल्याची तारीख असते, ठरल्यापेक्षा बरेच दिवस आधी निघालीस तर पैसे परत मागू शकतात. हे बहुतेकांना परत गेल्यावर कळतं.

रोखठोक, तुमच्या मुद्द्यावर नंतर येतो.

पादोवाची_पायवाट

तोंडी परीक्षेचं मी सांगते, मी पादोवाला होते, बोलोन्यापासून ट्रेनने तासाभरावर.

तर सीन असा असतो. एका वर्गात तीस-चाळीस मुलं बसलेली, पुढे टेबलाशी प्राध्यापक आणि बाजूला त्यांचा असिस्टंट, नावं पुकारतात, तुम्ही पुढे जाऊन बसता आणि मागे बाकीचे सगळे ऐकत असतात, कारण परीक्षा सार्वजनिक असते आणि उद्या ज्यांची आहे तेही आज प्रश्न टिपायला वही घेऊन येऊन बसतात, म्हणजे तुमची फजिती लिहून घेतली जाते. माझं नाव सकाळी ९ च्या यादीत होतं आणि पाळी आली दुपारी साडेतीनला, तोवर मी आधी जे येत होतं तेही विसरले होते.

पण पहिला प्रश्न बऱ्याचदा असतो की तुमच्या आवडीचा कुठला तरी विषय सांगा. हे सोनं आहे! एक टॉपिक असा तयार ठेव की झोपेतून उठवलं तरी दहा मिनिटं बोलता येईल, आणि बोलताना मुद्दाम एखादा धागा सोडून दे म्हणजे पुढचा प्रश्न त्यावरच येतो. मी तीन परीक्षांत हेच केलं.

मार्क ३० पैकी, १८ ला पास, आणि फारच भारी झालं तर ३० ए लोदे, म्हणजे खास शाबासकीसह ३०. तिथल्या तिथे सांगतात. आणि आवडले नाहीत तर चक्क नको म्हणता येतं, पुढच्या आप्पेल्लोला पुन्हा द्यायची. माझ्यापुढच्या मुलाने २७ नाकारले होते, मी २२ ला मान डोलावून पळाले.

घाईत_आहे

२७ नाकारले??? माणूस आहे की कोण

पादोवाची_पायवाट

@घाईत_आहे त्याची आई मागच्या बाकावर बसली होती. खरंच.

टिंगलखोर

रोखठोक, एक सेमिस्टर इथे आणि एक तिथे करून नाव काढलेला माणूस हवाय का? कोपर्निकस. शिकला क्राकोला, मग बोलोन्याला, मग पादोवाला, आणि पदवी घेतली १५०३ साली फेरारातून, जिथे तो फारसा शिकलाच नव्हता. त्याच्या लर्निंग अॅग्रीमेंटवर कोणी सही केली ते निवृत्त_समन्वयक सांगतील.

निवृत्त_समन्वयक

माझ्या आधीच्या काळातलं आहे. 😄

पण ज्याच्या नावाने हा कार्यक्रम चालतो तो रॉटरडॅमचा इरॅस्मससुद्धा १५०६ मध्ये तुरिनची डॉक्टरेट हातात घेऊन थेट बोलोन्यालाच आला होता आणि वर्षभर राहिला. नंतरच्या लोकांनी कार्यक्रमाच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून त्याचं नाव बसवलं. १९८७ ला सुरू झालं तेव्हा ११ देश आणि साडेतीन हजारांहूनही कमी मुलं होती.

रोखठोक, तुमचं अर्धं बरोबर आहे. विकेंडला फिरणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. पण एक फरक सांगतो. पूर्ण पदवीला गेलेला मुलगा तिथल्या पद्धतीत मुरतो आणि त्याला ती दिसेनाशी होते. एका सेमिस्टरवाल्याला दोन्ही एकदम दिसतात, कारण त्याला तिथले ३० पैकी २४ घरच्या टेबलात बसवायचे असतात. ‘आपण लेखी का घेतो?’ हा प्रश्न आमच्या विभागात सगळ्यात आधी अशाच एका परत आलेल्या मुलीने विचारला होता. कोणाकडे उत्तर नव्हतं.

रोखठोक

मान्य नाही, पण मुद्दा पोचला. भाषेचं काय? तिचे विषय इंग्रजीतच असणार.

नवखी_पाहुणी – २२ ऑक्टोबर

बापरे इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

निवृत्त_समन्वयक काका, तुम्ही बरोबर ओळखलंत, मला त्या तीन तारखा म्हणजे तीन पेपर वाटले होते. 🙈 म्हणजे एकच द्यायचा आहे तर. निम्मं ओझं तिथेच उतरलं.

रोखठोक काका, चार विषय इंग्रजीत आणि एक इटालियनमध्ये आहे. तो मी चुकून घेतला नाही, हौसेने घेतला. इटलीचा आर्थिक इतिहास. पहिल्या आठवड्यात फक्त साल समजायचं, ‘मिल्ले नोवेचेंतो’ म्हटलं की मी खूश, एकोणीसशे काहीतरी! आता वाक्याचा शेवट समजतो, सुरुवात अजून नाही.

पादोवाताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला, दर वेळी पोटात गोळा आला.

चिमणीदात

माझ्या ताईचा अनुभव, फ्रान्समध्ये लिऑला. तिकडे २० पैकी मार्क आणि १० ला पास. तिला १४ मिळाले तर रडली, आणि तिथले प्राध्यापक म्हणाले अभिनंदन. त्यांच्याकडे म्हण आहे म्हणे की २० देवाचे, १९ मास्तरांचे, उरलेल्यात तुम्ही भांडा. परत आल्यावर १४ चे ७० टक्के धरले गेले, कोणी बघायलाही तयार नाही की तिथे वर्गात सगळ्यात जास्त १५ होते. म्हणून त्या वर्गात कोणाला किती मार्क पडतात याचा तक्ता मिळत असेल तर ट्रान्सक्रिप्टबरोबर मागून घे.

उगाच_एक

अवांतर आहे पण राहवत नाही. २०१४ मध्ये युरोपियन कमिशनने अंदाज काढला होता की १९८७ पासून इरॅस्मसवाल्या जोडप्यांना दहा लाखांच्या आसपास बाळं झाली. रोखठोक म्हणतात तसं ‘तीन महिन्यांत काही खोलात होत नाही’ हे सरसकट खरं नसावं.

टिंगलखोर

😂😂 धागाकर्तीच्या आईबाबांना या धाग्याची लिंक देऊ नका रे कोणी

खिडकीशी_आई

आईबाबांपैकी एक हजर आहे. हिची नाही, पण माझा मुलगा सध्या लिस्बनला आहे, सहा महिन्यांसाठी. तो फोनवर ‘सगळं ओके’ याशिवाय काही सांगत नाही म्हणून मी असले धागे वाचून अंदाज बांधत असते. परवा ऑक्टोबरअखेरच्या रविवारबद्दल त्याला आठवण केली की घड्याळ मागे जाईल, तर म्हणाला मोबाइल आपोआप बदलतो. बदलतो खरा. पण मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातं तेव्हा माझ्या भाच्याचं विमान चुकलं होतं, कारण तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून आरामात आंघोळीला गेला.

मुली, एक विचारते. राहायचं ठरवलंस तर खोली कधीपर्यंत आहे? आणि व्हिसा?

नवखी_पाहुणी

काकू, व्हिसा फेब्रुवारी अखेरपर्यंत आहे, तेवढं नशीब. खोली ३१ डिसेंबरपर्यंत, पुढे मालकीणबाई बघू म्हणतात.

वाटसरू_युरो

व्हिसाची तारीख पुरेशी नाही, पेर्मेस्सोचं काय केलंस? इटलीत लांब मुक्कामाच्या व्हिसावर आलं की ८ कामाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज टाकावा लागतो. पोस्टातून पिवळ्या पट्टीचं किट घ्यायचं, भरायचं, त्यावर १६ युरोचा महसुली स्टॅम्प लावायचा जो पोस्टात नाही, तंबाखूच्या दुकानात मिळतो (हे मला पोस्टातल्या बाईंनी तिसऱ्या फेरीत सांगितलं), मग पावती मिळते आणि बोटांचे ठसे द्यायला पोलिसांच्या कचेरीत बोलावतात. कार्ड हातात येईपर्यंत एका सेमिस्टरवाले परत निघालेले असतात. ती पावती जपून ठेव.

नाताळात फिरायचं असेल तर: लांब मुक्कामाचा व्हिसा असला की इतर शेंगेन देशांत (आपसात सीमेवर पासपोर्ट तपासणी न ठेवणारा युरोपातल्या देशांचा गट) १८० पैकी ९० दिवस फिरता येतं. आयर्लंड आणि ब्रिटन शेंगेनमध्ये नाहीत, स्वस्त तिकीट दिसलं म्हणून डब्लिन बुक करू नकोस. मी केलं होतं. आणि तुझा पत्ता सध्या युरोपातला असल्यामुळे रेल्वेचा इंटररेल पास तू घेऊ शकतेस, पाहुण्यांसाठीचा युरेल नाही. २७ वर्षांपर्यंत सवलत आहे.

नवखी_पाहुणी

पेर्मेस्सोचं पहिल्याच आठवड्यात केलं, आमच्या स्टुडंट असोसिएशनच्या मुलीने हाताला धरून नेलं होतं. ठशांची तारीख किती असेल? १९ जानेवारी. 🙂

घाईत_आहे

म्हणजे परीक्षाही जानेवारीत, पोलीसही जानेवारीत आणि तू डिसेंबरात पळतेस. शहराने ठरवलंय तू राहायचं.

दोन_मनोरे

बोलोन्यावाल्यांनो, एक धोक्याची सूचना! आसिनेल्ली मनोऱ्यावर चढू नकोस. ९७ मीटर, ४९८ पायऱ्या, आणि तिथल्या मुलांची पक्की समजूत की पदवीच्या आधी जो चढला त्याची पदवी होत नाही. माझ्याबरोबरचे सहा जण चढले, एकाची अजून व्हायची आहे.

नवखी_पाहुणी

चढायचा प्रश्नच नाही, बंद आहे! शेजारचा गारिझेंदा मनोरा फारच कललाय म्हणून ऑक्टोबर २०२३ पासून वर जाऊ देत नाहीत. माझे फ्लॅटमेट म्हणतात की आता नापास झालो तर सांगायला कारणच उरलं नाही.

नवखी_पाहुणी – ९ नोव्हेंबर

अपडेट. पाचही प्राध्यापकांना मेल केली. दोघांची दोन दिवसांत उत्तरं आली, लेक्चर्सच्या शेवटच्या आठवड्यात एक्सचेंजवाल्यांची आधी घेऊ, काही अडचण नाही. तिसऱ्या मॅडम म्हणाल्या की लेक्चर १८ ला संपतं, १९ ला परीक्षा देऊन तू काय दिवे लावणार, जानेवारीत ये (शब्द माझे, भाव त्यांचा). चौथ्यांचं उत्तर नाही. पाचवे, म्हणजे इटालियनवाले, त्यांना मी लेक्चरनंतर गाठलं आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, तर ते हसले आणि इंग्रजीत म्हणाले की तुम्हाला माझ्या विषयाची घाई का आहे?

याचं उत्तर मला देता आलं नाही. त्यांनी रागाने विचारलं नव्हतं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

घरी येऊन काकांनी सांगितल्याप्रमाणे तास मांडले. २० डिसेंबर कागदावरही बसत नाही.

रोखठोक

मग राहा.

निवृत्त_समन्वयक

हे रोखठोक लिहितायत? असो. राहा, पण कॉलेजकडून ‘उशिरा रुजू होईन’ ची परवानगी लेखी घे, आणि परीक्षेची ऑनलाइन नोंदणी आप्पेल्लोच्या काही दिवस आधी बंद होते, ती तारीख आजच कॅलेंडरात टाक. तारखा बघण्यात तुझा लौकिक फार चांगला नाही.

नवखी_पाहुणी

😭 टाकली. तिन्ही.

पादोवाची_पायवाट

कोणी बोलोन्याला जाणार असेल तर अभ्यासाला साला बोर्सा लायब्ररी. आत काचेची जमीन आहे आणि पायाखाली रोमन काळातले अवशेष दिसतात. माझ्या बोलोन्याच्या मैत्रिणीकडे गेले की मी तिथेच बसायचे, पुस्तकाकडे कमी आणि खाली जास्त बघत. कॉफी मात्र काउंटरपाशी उभ्यानेच प्यावी, बसलं की बऱ्याच ठिकाणी दर बदलतो.

नवखी_पाहुणी – १३ फेब्रुवारी

धागा वर काढतेय. जे विचारतील ‘मग काय झालं’ त्यांच्यासाठी.

तिकीट बुडालं. नवीन १६ फेब्रुवारीचं, बाबा त्या विषयावर अजून बोलत नाहीत. कॉलेजने सहा आठवडे उशीर मान्य केला, लेखी. मालकीणबाईंनी दीड महिना वाढवून दिला पण भाडं पूर्ण दोन महिन्यांचं घेतलं. नाताळ ते ६ जानेवारी शहर इतकं रिकामं होतं की रोज साला बोर्साच्या दारापर्यंत जाऊन आज उघडी आहे का बघायचे, अर्ध्या वेळा बंद.

मार्क: २७, २६, २४, २८. आणि इटालियनवाला.

तो काल झाला. पादोवाताई, अगदी तुम्ही सांगितलंत तसंच, नाव सकाळच्या यादीत आणि पाळी दुपारी, मागे वहीवाली मुलं. आवडीचा विषय सांगा म्हणाले. मी आधी दहा मिनिटांचं पाठ केलं होतं, त्यातलं चार मिनिटं इटालियनमध्ये बोलले आणि एका क्रियापदापाशी अडकले ते अडकलेच. सरांनी क्रियापद सांगितलं नाही. थांबले. मागून कोणीतरी हळूच पुटपुटलं, सरांनी बोट वर करून त्याला गप्प केलं. मग ते मला आपोआप आठवलं, चुकीचं आठवलं, पण पुढे गेले.

२१.

म्हणाले, नको असतील तर नाकारा, पुन्हा या.

घाईत_आहे

आणि??

नवखी_पाहुणी

१६ ला विमान आहे हो! घेतले. बाहेर आल्यावर एका मुलीने तिची वही दाखवली, तिने माझा प्रश्न लिहून घेतला होता आणि खाली माझं चुकलेलं क्रियापद दुरुस्त करून.

टिंगलखोर

परतीच्या विमानाची वेळ तपासलीस ना? तारीखही बघ.

नवखी_पाहुणी

बघितली. १६ च आहे. पहाटे ००:१५ ची.

थांबा. म्हणजे १५ च्या रात्री निघायचंय ना?

खिडकीशी_आई

हो गं बाई, १५ च्या रात्री. बॅग भरायला घे.